32 गुंठ्यांतला भाजीपाला: सातबाऱ्यापासून काढणीपर्यंत

पुरंदर तालुक्यात आमच्या बांधाला बांध असलेले अण्णा पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सर, आधी हद्द धरा, मग वांगी धरा." मी हसलो आणि वांगी धरली. हद्द धरायला पुढे दोन वर्षं गेली, आणि वांग्यांच्या दोन ओळी शेजाऱ्याच्या रानात निघाल्या.

हा लेख 20 ते 40 गुंठ्यांच्या मालकांसाठी आहे. वडिलोपार्जित तुकडा वाट्याला आलेले, नोकरी सांभाळून शनिवार-रविवार रानात जाणारे, किंवा निवृत्तीनंतर भाजी करायची ठरवलेले. एवढ्या जमिनीवर भाजीपाला उत्तम होतो. अडचण येते ती बहुधा शेड, बोअर, रस्ता आणि कुंपणावरून, कारण पीक कसं घ्यायचं हे पुस्तकात सापडतं आणि नियम चार वेगवेगळ्या कार्यालयांत विखुरलेले असतात. म्हणून दोन्ही एकत्र लिहितोय, ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने. मी केलं त्या क्रमाने नव्हे.

कागद आधी

सातबारा, आठ-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), शेवटचे दोन-तीन फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) आणि गटाचा नकाशा एवढं समोर ठेवा. डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या निघतो, त्यामुळे आळसाला सबब नाही.

क्षेत्र वाचायला शिका. 0.32.00 म्हणजे 0 हेक्टर, 32 आर, 0 चौरस मीटर. आर म्हणजे 100 चौरस मीटर आणि गुंठा म्हणजे 101 चौरस मीटरला थोडा वर. बोलताना आपण दोन्हींना गुंठाच म्हणतो, मीही पुढे तसंच म्हणणार आहे, पण अर्जात आरच लिहा.

मग पोटखराबा बघा. हे क्षेत्र लागवडीलायक धरलेलं नसतं. माझ्या 32 मधले 4 आर पोटखराबा वर्ग अ मध्ये होते, प्रत्यक्षात तिथे 20 वर्षं हरभरा होत होता. असं असेल तर ते लागवडीखाली आल्याची नोंद करायला तहसीलला अर्ज करता येतो. केला नाहीत तर पीक पाहणीत तेवढी जमीन जणू नसतेच.

भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, तेही बघा. वर्ग 2 च्या जमिनीवर भाजी करायला कुणी अडवत नाही, विकायची-हस्तांतराची वेळ आली की परवानगीचा घोळ सुरू होतो. आणि 'इतर हक्क' हा रकाना सगळ्यात सावकाश वाचा. सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वाटेचा हक्क, भूसंपादनाचा शेरा, सगळं तिथे लपलेलं असतं.

जमीन अजून घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी. शेतकरी नसलेल्याला कूळकायद्याच्या कलम 63 मुळे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे आहे, त्याहून लहान तुकडा पाडून घ्यायच्या फंदात पडू नका. आणि 'सामाईक सातबाऱ्यावर पाच गुंठे, खरेदीखत करून देतो' असं कुणी म्हटलं की चहा पिऊन उठा. तुमचं नाव लागेलही, पण तुमचे पाच गुंठे नेमके कुठले हे नकाशावर नसतं, आणि ज्याची जागा ठरलेली नाही तिथे ठिबक टाकता येत नाही.

मोजणी, रस्ता, झोन

मोजणीचा अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो, आता ऑनलाइन. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस गेलेली असली तरी आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगून या. नोटीस मिळालेला माणूस वकिलाकडे जातो, सांगून आलेल्याच्या रानात तोच माणूस टेप धरायला येतो. खुणा दाखवल्या की त्याच दिवशी दगड रोवा आणि पुढे 'क' प्रत, म्हणजे मोजणीच्या नकाशाची प्रत, हातात पडेपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

रस्ता नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली शेजारच्या बांधांवरून वाट मागता येते, निर्णय तहसीलदार देतात. वापरातली वाट कुणी अडवली असेल तर मार्ग वेगळा आहे: मामलेदार न्यायालय अधिनियम 1906, कलम 5. तिथे अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. 'बघू, समजुतीने होईल' म्हणत हे सहा महिने निघून जातात. समजूत जरूर घाला, पण तारीख लिहून ठेवा.

नगर रचना कार्यालयातून किंवा तुमच्या भागातल्या प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. पाणी कुठे आणि शेड कुठे हे ठरवण्याआधीच काढा. शेती विभाग, हरित पट्टा, ना-विकास, की नियोजित रस्ता तुमच्या रानातून जातोय, हे त्यात कळतं. आमच्या गावात एकाने हौसेने मांडव उभा केला तो नेमका नियोजित रस्त्याच्या रेषेत. वेल काढता येतात, दगडी खांबांचे पैसे काढता येत नाहीत. महाबळेश्वर-पाचगणी (2001) आणि माथेरान (2003) ही अधिसूचित पर्यावरण संवेदनशील क्षेत्रं आहेत, आणि किनाऱ्यावर सागरी नियमन आहे. तिथे राहणाऱ्यांनी या टप्प्याला दुप्पट वेळ धरावा.

शेड: इथेच बहुतेक जण अडकतात, मीही

भाजी करायला परवानगी लागत नाही. जमीन शेतीचीच आहे. प्रश्न उभा राहतो तो भिंत उभी राहिली की.

जमीन महसूल संहितेत 'शेतातली इमारत' कशाला म्हणायचं याची व्याख्या आहे: अवजारं, खत, चारा ठेवणं, माल साठवणं, गुरं बांधणं, शेतकऱ्याच्या कुटुंबाने किंवा गड्याने राहणं, आणि शेती कसण्याचा अविभाज्य भाग असलेला इतर उपयोग. म्हणजे शेतकऱ्याला शेतात छप्पर घालायचा हक्क आहेच. पण शहरालगतच्या आणि महापालिका-प्राधिकरणांच्या पट्ट्यात त्यासाठी परवानगी लागते, आणि राहण्याच्या शेतघराला क्षेत्राची अट आहे. कलम 41 प्रमाणे 0.40 हेक्टरपेक्षा कमी जमिनीवर ती परवानगी मिळत नाही. 0.40 ते 0.60 हेक्टरला जोत्याचं क्षेत्र 150 चौरस मीटरपर्यंत, त्यावर 400 चौरस मीटरपर्यंत. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे काही अपवाद सोडून राज्यभर जी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आहे, तिच्यातही शेतघराला 0.40 हेक्टरची अट कायम आहे.

माझे 32 आर. साधं गणित होतं. तरी मी 12 बाय 20 चं विटांचं बांधकाम केलं, नाव दिलं 'अवजारांची खोली'. आत मोरी, संडास आणि ग्रॅनाइटचा ओटा. नोटीस आली, पाहणीला अधिकारी आले, ओट्यावरून हात फिरवून म्हणाले, "तुमची अवजारं स्वयंपाक करतात का?" त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सहा महिने खेटे घातले आणि शेवटी विटा स्वतःच उतरवल्या.

आता तिथे नटबोल्टचा लोखंडी सांगाडा आहे, वर पत्रा, तीन बाजूंना शेडनेट. फावडी, फवारणी पंप, क्रेट, खताच्या गोण्या, आणि दुपारी पडायला एक खाट. ती जाग्यावर ठेवण्याआधी मी एक पानी अर्ज दिला: गट क्रमांक, क्षेत्र, सांगाड्याचं मोजमाप, उपयोग, सोबत सातबारा आणि 'क' प्रतीवर लाल पेनाने दाखवलेली जागा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. हा शिक्का म्हणजे अर्धी लढाई. उत्तर आलं नाही तर 30 दिवसांनी माहितीच्या अधिकारात त्या अर्जाचं काय झालं हे विचारता येतं, आणि मग उत्तर येतं.

तीन गैरसमज गावोगाव ऐकतो. पहिला, 'ग्रामपंचायतीचा ठराव आहे'. गावठाणाबाहेरच्या बांधकामाला तो ठराव पुरत नाही. दुसरा, 'घरपट्टीची पावती आहे'. कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. तिसरा, 'कंटेनर ठेवला तर बांधकाम धरत नाहीत'. कंटेनरखाली काँक्रीट ओतलं, बाजूला शोषखड्डा काढला आणि वीज जोडली की तो कंटेनर राहत नाही.

पॉलीहाऊस किंवा शेडनेट घालणार असाल तर अनुदानाचा अर्ज आधी, उभारणी नंतर. पूर्वसंमतीशिवाय उभारलेल्याला अनुदान मागणं म्हणजे नुसतं रडणं. रान रस्त्याकडेला असेल तर शेड-मांडव आखण्याआधी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून इमारत रेषा विचारून घ्या.

पाणी मोजा, अंदाज करू नका

एक मिलिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. उन्हाळ्यात भाजीला दिवसाला साधारण 5 मिलिमीटर धरलं तर एका गुंठ्याला रोज 500 लिटर झाले. म्हणजे 27 गुंठे लागवडीला 13,500 लिटर.

आता बोअर मोजा. 200 लिटरचं पिंप पाइपाखाली ठेवा आणि मोबाइलचं घड्याळ लावा. माझं पिंप सहा मिनिटांत भरतं, म्हणजे तासाला 2,000 लिटर. 13,500 ला पावणेसात तास, तेही बोअर दम न टाकता चालला तर. तो टाकतोच. म्हणून मे महिन्यात मी फक्त 10 गुंठे हिरवे ठेवतो, बाकी तापू देतो. हे मोजमाप मेच्या पहिल्या आठवड्यात घ्या. ऑगस्टात मोजलेलं पाणी सगळ्यांनाच श्रीमंत करतं.

नवी विहीर किंवा बोअर घ्यायचा असेल तर गावाच्या पिण्याच्या पाण्याचा उद्भव 500 मीटरच्या आत आहे का ते बघा. असेल तर परवानगीशिवाय खोदता येत नाही. 2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरहून खोल विहिरींवरही निर्बंध आहेत. 'सगळे 400 फूट जातात' हे खरं असलं तरी कागदावर ते उत्तर होत नाही. पाणी लागलं की सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. सौर पंपाच्या 'मागेल त्याला' योजनेत अडीच एकरांपर्यंत 3 अश्वशक्तीचा पंप मिळतो, सर्वसाधारण गटाला 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के रक्कम भरून, आणि तिथे पाण्याच्या स्रोताची नोंद विचारतात. रात्रीच्या थ्री-फेजला वैतागलेल्यांनी हे आधी करावं.

आखणी आणि माती

माझी आखणी अशी: 6 गुंठ्यांचे चार तुकडे, 3 गुंठे मांडव, 2 गुंठे शेड आणि कंपोस्ट, उरलेले 3 गुंठे वाट आणि कडेची झाडं. शेवगा दक्षिण आणि पश्चिम बांधावर लावू नका, दुपारनंतरची सावली स्वतःच्याच वाफ्यावर पडते. आणि उत्तरेला लावाल तर शेजाऱ्याच्या वाफ्यावर पडते, तेव्हा बांधापासून चांगलं आत या. आधीपासून असलेला आंबा किंवा साग तोडायचा असेल तर 1964 च्या वृक्षतोड कायद्याने परवानगी लागते, स्वतःच्या रानातला असला तरी.

मातीचा नमुना आठ-दहा ठिकाणांहून घ्या. व्ही आकाराचा 20 सेंटिमीटर खड्डा, कडेची माती खरवडून घ्यायची, सगळी घमेल्यात मिसळून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. आमच्याकडे चुनखडी जास्त निघाली. अशा मातीत पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात. दुकानदार युरिया देतो. हवं असतं लोह.

शेणखत हेक्टरी 20 टन, म्हणजे गुंठ्याला 200 किलो. 6 गुंठ्यांच्या तुकड्याला सव्वा टन. चांगलं कुजलेलं हवं. हातात घेतल्यावर गरम लागलं किंवा त्यात हुमणी वळवळली तर परत पाठवा. मी पसरण्याआधी पंधरा दिवस ओलसर ढिगात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून गोणपाट टाकतो.

गादीवाफे 90 सेंटिमीटर रुंद, 15 ते 20 उंच, मधली वाट 45 ची. वाट आणखी अरुंद करायचा मोह होतो, मग काढणीला क्रेट घेऊन आडवं चालावं लागतं.

काय, कधी

पावसाळा सुरू झाला की एका तुकड्यात वाटाणा. पुरंदरचा खरिपातला वाटाणा प्रसिद्ध आहे, आमच्या हलक्या, निचऱ्याच्या जमिनीला तो मानवतो. दुसऱ्यात वांगी आणि मिरची, तिसऱ्यात भेंडी आणि गवार, चौथ्यात पालेभाज्या. पुढच्या हंगामात सगळं एक घर सरकतं. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा एकाच कुळातले, एकामागे एक घेतले की मर आणि सूत्रकृमी घर करतात. दर वर्षी एका तुकड्यात ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडतो.

मेथी, पालक, कोथिंबीर एकदम पेरायची नाही. दर शनिवारी अर्धा गुंठा. मेथी 25 ते 30 दिवसांत येते, म्हणजे पाचव्या शनिवारपासून दर आठवड्याला काढणी सुरू. मेथीची शिफारस गुंठ्याला 300 ग्रॅमच्या आसपास, मी 400 टाकतो, कारण मुंग्यांचाही हिशोब धरावा लागतो. धणे चपलेने हलके रगडून दोन फाकी करा आणि रात्रभर भिजवा. अख्खे पेरलेले धणे उगवायला इतके दिवस घेतात की तण आधी मोठं होतं.

टोमॅटोची रोपं कोकोपीटच्या ट्रेमध्ये 25 दिवसांची लावा. दर 16 ओळींनंतर आफ्रिकन झेंडूची एक ओळ, पण झेंडूचं रोप 40-45 दिवसांचं हवं, म्हणजे दोघांना फुलं एकाच वेळी येतात आणि फळ पोखरणारी अळी झेंडूकडे वळते. झेंडू दसऱ्याला विकलाही जातो. कडेने मक्याच्या दोन ओळी पांढऱ्या माशीला आडव्या येतात.

वांग्याचं मात्र रोज बघावं लागतं. सकाळी ऊन चढायच्या आधी झाडाकडे बघा. सगळं झाड ताठ आणि एकच शेंडा मान टाकलेला दिसला की आत शेंडे-फळ पोखरणारी अळी आहे. कोमेजलेल्या भागाच्या दोन बोटं खाली कात्रीने कापा, शेंडा उभा चिरून बघा, गुलाबीसर अळी दिसेल. कापलेले शेंडे बांधावर टाकायचे नाहीत, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. सोबत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे. हे महिनाभर नेटाने केलं की फवारण्या निम्म्याने कमी होतात. फवारायचंच तर आधी निंबोळी: 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर 10 लिटर पाण्यात, सकाळी गाळून 100 लिटर करायचं. रासायनिक औषध वापरलं तर डब्यावरचा काढणीपूर्व प्रतीक्षेचा कालावधी पाळा. आपलीच पोरं ती भाजी खातात.

मांडवावर कारली आणि दोडका. फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे (नर माशीला ओढणाऱ्या वासाचे) सापळे फुलं दिसताच टांगा, पहिलं कारलं वाकडं झाल्यावर नव्हे.

पीक पाहणी विसरू नका

ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाइलवर आहे. रानात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा, क्षेत्र भरायचं. हंगामाची मुदत ठरलेली असते आणि चूक झाली तर दुरुस्तीला 48 तास मिळतात. भाजीवाल्यांची पंचाईत अशी की आपल्याकडे एकाच गटात आठ पिकं. त्यासाठी मिश्र पिकाचा पर्याय वापरा आणि पीकवार क्षेत्र लिहा, शेडनेटमधलं पीक त्याच्या वेगळ्या पर्यायाखाली. मी एका उन्हाळ्यात नोंद चुकवली आणि हिरव्यागार रानाचा सातबारा 'पड' दाखवू लागला. गारपिटीच्या पंचनाम्यापासून भूसंपादनाच्या मोबदल्यापर्यंत हाच रकाना वाचतात. योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांकही लागतो, तो काढला नसेल तर त्याच फेरीत काढून घ्या.

विक्री

2016 मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाला, त्यामुळे आवाराबाहेर थेट ग्राहकाला विकायला अडचण नाही. आवारात गेलात तर आडत, म्हणजे आडत्याचं कमिशन, खरेदीदाराकडून घ्यायची आहे, शेतकऱ्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) नव्हे. पट्टी तिथेच वाचा. माझा पाऊण माल पुण्यातल्या दोन सोसायट्यांत जातो, उरलेला सासवडला.

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता काढणी सुरू करतो. मेथी मुळासकट उपटून झटकायची, धुवायची नाही, धुतलेली सकाळपर्यंत काळी पडते. भेंडी दिवसाआड, बोटभर असताना, देठाला कात्री लावून. वांगी देठाच्या टोपीसह. सगळं ओल्या गोणपाटाखाली शेडमध्ये रात्रभर, जिथे एकेकाळी ग्रॅनाइटचा ओटा होता. तो ओटा आता बांधावर आहे, अण्णा त्यावर बसून तंबाखू मळतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याची गोष्ट सांगतात.